काठमांडू ते पोखरा २०० किलोमीटर, म्हणजे किती तास?

दर पावसाळ्यात ही बातमी येतेच. नेपाळात महामार्गावर दरड, गाड्यांच्या रांगा, महाराष्ट्रातले यात्रेकरू अडकले. घरी बसून ती वाचणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. भर पावसात गेलेच कशाला? आणि एक रस्ता बंद झाला तर दुसऱ्यानं का नाही निघत? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं असतं. दुसऱ्याचं उत्तर असं की दुसरा रस्ता बहुतेक वेळा नसतोच.

ऑगस्ट २०२४ मध्ये पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीकाठी कोसळली आणि २७ जण गेले. त्यांतले बहुतेक जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ भागातले. ती बस दरडीखाली सापडली नव्हती, रस्ता सोडून खाली गेली होती. तेव्हापासून नेपाळचं नाव काढलं की आधी रस्त्याची चौकशी होते, आणि ते बरोबरच आहे. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे 'आठ दिवस सात रात्री' म्हणून जे कार्यक्रम छापले जातात, त्यांतले बरेचसे नागपूर-अमरावतीच्या रस्त्याचा हिशेब धरून आखलेले असतात. तो हिशेब तिथे चालत नाही. तिथे अंतर तासांत मोजायचं, आणि सगळे तास जुळवून झाले की वर एक अख्खा दिवस रिकामा ठेवायचा. हे असं का, ते आधी बघू.

२०० किलोमीटरला आठ तास का?

काठमांडूचं खोरं साधारण १,४०० मीटर उंचीवर आहे आणि त्याला चहूबाजूंनी डोंगर आहेत. पोखऱ्याकडे निघालेली बस आधी थानकोटवरून नागढुंगाची खिंड गाठते, तिथून वळणं घेत नौबिसेला उतरते, मग त्रिशुली नदीच्या काठाकाठानं मुगलिंगपर्यंत जाते. मुगलिंग जेमतेम २८० मीटर उंचीवर. म्हणजे हजार मीटरपेक्षा जास्त खाली उतरायचं, आणि तिथून मर्स्यांग्दीच्या बाजूनं पुन्हा चढत ८०० मीटरवरच्या पोखऱ्याला पोचायचं. याला पृथ्वी महामार्ग म्हणतात.

मुगलिंगला रस्त्याला फाटा फुटतो. उजवीकडे पोखरा, डावीकडे ३६ किलोमीटरवर नारायणगढ, म्हणजे चितवन आणि पुढे तराई. तराई म्हणजे भारताच्या सीमेलगतचा सपाट पट्टा. रक्सौल-वीरगंजवरून येणारं डिझेल, सिमेंट, भाजी, गॅस, काठमांडूला लागणारं जवळपास सगळं, याच फाट्यावरून वर चढतं. कसारा घाट सात-आठ तास संपूच नये, मुंबईला जाणारा प्रत्येक ट्रक त्याच घाटात असावा आणि कठड्यापलीकडे खाली नदी वाहत असावी, अशी कल्पना करा. त्यात भर म्हणजे नौबिसे ते पोखरा रस्तारुंदीकरणाचं काम बरीच वर्षं चाललेलं. कोरड्या दिवसांत धूळ, पावसात चिखल.

पर्यटकांच्या बस सकाळी सात-साडेसातला सुटतात. कागदावर सहा-सात तास, प्रत्यक्षात आठ-नऊ धरा. दुपारी पोखऱ्यात पोचून संध्याकाळी फेवा तलावात नौकाविहार, असं कार्यक्रमात लिहिलेलं असेल तर तो नौकाविहार दुसऱ्या दिवशीचा समजा.

जुना रस्ता आहे. त्याचं नाव त्रिभुवन राजपथ, १९५० च्या दशकात भारताच्या मदतीनं बांधलेला. तराईकडच्या हेटौडा शहरातून, दामनच्या डोंगरावरून तो काठमांडूत येतो. हवा स्वच्छ असेल तर दामनवरून हिमशिखरांची लांबच लांब रांग दिसते, पण वळणं पोटातलं ढवळून काढतात. स्थानिक लोकांचा लाडका मार्ग वेगळाच आहे: हेटौड्याहून कुलेखानीवरून दक्षिणकालीला निघणारा. तिथे मोठ्या बस जात नाहीत, जीप जातात, आणि जीप कुठल्याही कंपनीची असली तरी तिला 'सुमो'च म्हणतात. मुगलिंगच्या फेऱ्यापेक्षा वीरगंज-काठमांडू अंतर या वाटेनं जवळपास निम्मं होतं. दहा माणसं कोंबलेल्या त्या गाडीत मधल्या ओळीतली खिडकी मिळाली तर पदरात पाडून घ्या. मागच्या बाकावर गुडघे कानाला लागतात.

दरडी इतक्या का कोसळतात?

भारताचा भूखंड अजूनही वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर वेगानं हिमालयाखाली घुसतो आहे. त्यामुळे इथले डोंगर उंच वाढतात, तसेच पिचलेले, भेगाळलेलेही राहतात. मधल्या डोंगरपट्ट्यातला बराच खडक पापुद्र्यांचा आहे, पाणी मुरलं की थर एकावरून एक घसरतात. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ रिश्टरच्या भूकंपानं कितीतरी उतार आणखी खिळखिळे केले. वर्षभराच्या पावसातला सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आणि रस्ता काढायचा म्हणजे डोंगराचा पायाच कापायचा. आधार काढून घेतलेला उतार पहिल्या मोठ्या पावसात खाली येतो. नेपाळीत त्याला 'पहिरो' म्हणतात. हा शब्द कानावर पडला की पाण्याची बाटली जपून वापरायला लागा.

जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर सिमलतालला पहाटेच्या अंधारात अशीच दरड आली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बस त्रिशुलीत वाहून गेल्या. एका बसमध्ये काही भारतीय प्रवासीही होते. पूर्वेकडचा बीपी महामार्ग जपानच्या मदतीनं बांधलेला, बराच चांगला रस्ता म्हणून नावाजलेला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरच्या पुरात त्याचे लांबच लांब तुकडे नदीनं खाऊन टाकले. पर्यायी रस्ता असेलच असं धरून चालू नका, म्हणतो ते यासाठी.

दरड पडल्यावर रस्त्यावर काय होतं तेही सांगतो. आधी इंजिनं बंद होतात. खलाशी, म्हणजे बसचा मदतनीस, उतरून पुढे चालत जातो आणि परत येऊन सांगतो, डोजर आला आहे किंवा यायचा आहे. अर्ध्या तासात कुठूनतरी भाजलेली मक्याची कणसं आणि काकडी विकणाऱ्या बाया उगवतात. रस्ता मोकळा झाला की आधी एका बाजूच्या गाड्या सोडतात, मग दुसऱ्या. या वेळात प्रवाशांनी करायची गोष्ट एकच: दरडीचा फोटो काढायला तिच्या अंगाशी जायचं नाही. पहिली कोसळल्यावर वरचा भाग मोकळा झालेला असतो आणि दुसरी त्याच जागी येते. गाडी दगड पडणाऱ्या पट्ट्यात उभी असेल तर चालकाला मागे घ्यायला सांगा, त्यात संकोच नको.

रात्रीच्या बसनं वेळ वाचेल ना?

वेळ वाचतो, हॉटेलचं एका रात्रीचं भाडंही वाचतं. तरी डोंगरातल्या रस्त्यावर रात्रीची बस नको, असंच माझं मत आहे. वरून येणारा दगड अंधारात दिसत नाही, चालक लांबच्या फेरीनं थकलेला असतो, आणि काही झालंच तर मदतीला उजाडावं लागतं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन रात्रीच्या वाहतुकीवर अनेकदा बंदीच घालतं, म्हणजे तिकीट हातात असूनही बस मध्येच कुठेतरी पहाटेपर्यंत थांबून राहते.

तराईतला सपाट पूर्व-पश्चिम महामार्ग निराळा. पूर्व टोकाच्या काकडभिट्ट्याकडे किंवा पश्चिम टोकाच्या महेंद्रनगरकडे जायचं तर अंतरंच एवढी आहेत की रात्र काढावी लागते, आणि तिथे दरीची भीती नाही. मात्र डिसेंबर-जानेवारीत तिथे धुकं इतकं दाट असतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा अगदी जवळ गेल्यावरच दिसतो.

विमानानं का नाही जायचं?

काठमांडू-पोखरा विमान २५ मिनिटांत पोचतं, उजवीकडची खिडकी मिळाली तर हिमशिखरं दिसतात, आणि भारतीयांना वेगळं, परदेशी प्रवाशांपेक्षा कमी भाडं बऱ्याच मार्गांवर मिळतं. खिशाला झेपत असेल तर हा मार्ग जरूर घ्या. पण विमान म्हणजे वेळेची हमी, हे समीकरण तिथे सोडून द्यावं लागतं.

मोठ्या विमानतळांवर वैमानिक उपकरणांच्या आधारे ढगांतूनही उतरू शकतो. मुक्तिनाथच्या वाटेवरचं जोमसोम, एव्हरेस्टच्या वाटेवरचं लुक्ला यांसारख्या डोंगरी धावपट्ट्यांवर मात्र डोळ्यांना जमीन दिसत असेल तरच उडायचं आणि उतरायचं, असा नियम आहे. याला आपण 'नजरेचं उड्डाण' म्हणू. ढग आले की उड्डाण थांबलं. यात विमान कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही, उलट ढगातही नेतो म्हणणाऱ्याची भीती वाटली पाहिजे. मे २०२२ मध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं छोटं विमान मुस्तांगच्या डोंगरावर आदळलं, २२ जण गेले, त्यांत ठाण्याच्या एकाच कुटुंबातले चौघे होते. चौकशीत ढगाळ हवेत वाट चुकल्याचंच समोर आलं. नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना युरोपीय संघानं २०१३ पासून आपल्या हद्दीत उडायला मनाई केलेली आहे. हे माहीत असून मी विमानाला सरसकट नाही म्हणत नाही, कारण रस्तासुद्धा धोक्याचाच आहे. पण 'आज हवा बरी नाही, उद्या जाऊ' असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी भांडू नका.

जोमसोमची अडचण ढगांपेक्षा वाऱ्याची. अन्नपूर्णा आणि धौलागिरी यांच्यामधून काली गंडकी नदी एक अरुंद, प्रचंड खोल घळ कापत जाते. दिवस चढला की उत्तरेकडचं कोरडं पठार तापतं, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा या घळीतून शिरते. अकराच्या सुमाराला वारा एवढा चढतो की पायी चालणाऱ्याच्या तोंडात वाळू जाते. म्हणून जोमसोमची सगळी विमानं सकाळीच. सकाळ हुकली म्हणजे दिवस हुकला.

लुक्लाची धावपट्टी फक्त ५२७ मीटर लांब आणि सुमारे १२ टक्के चढाची. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगराची भिंत. उतरताना शेवटच्या क्षणी विचार बदलून पुन्हा वर जायची सोय नाही, म्हणून हवेबद्दल जराही शंका असली तर विमान काठमांडूहून निघतच नाही. गर्दीच्या हंगामात, म्हणजे वसंतात आणि दिवाळीच्या आसपास, लुक्लाची बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून होतात, कारण काठमांडूची एकुलती एक धावपट्टी तुंबलेली असते. मंथली काठमांडूपासून चार-पाच तासांवर. ट्रेकर मंडळींना रात्री एक-दोनला उठवून जीपमध्ये घालतात ते यासाठी. तिकिटावर 'काठमांडू-लुक्ला' छापलेलं असलं तरी विमान नेमकं कुठून सुटणार, हे आधीच लेखी विचारून घ्या. सामान १५ किलोपर्यंत, आणि हातातली पिशवीही त्यातच धरतात. काउंटरवरचा काटा जॅकेटच्या खिशात कोंबलेली पॉवर बँकही पकडतो.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गटांना एवढंच सांगेन की लुक्लाहून परतीचा दिवस आणि काठमांडूहून मुंबईचं विमान यांच्यात दोन दिवस सोडा. हवा बिघडली की लुक्लात प्रवासी साठत जातात आणि हेलिकॉप्टरचा भाव तासातासानं चढतो. हेलिकॉप्टरलाही दिसावं लागतंच, हे तेव्हा कुणी सांगत नाही. अगदीच विमान नको असेल तर काठमांडूहून जीपनं सल्लेरी गाठून पुढे चालत जाता येतं. दिवस वाढतात, पण उंचीची सवय मात्र छान होते.

मुक्तिनाथ एका दिवसात होतं म्हणतात

पोखऱ्याहून बेनी, तातोपानी, घासा, मार्फा करत जोमसोम आणि पुढे काग्बेनीवरून रानीपौवा. गाडी तिथपर्यंत जाते. पुढे देवळापर्यंत चढण, चालत किंवा घोड्यावरून. आठ-दहा तासांचा हा प्रवास ताकदीचा माणूस एका दिवसात करू शकतो. करू नये.

पोखरा ८०० मीटरवर, मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्याही वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला एक-दोन रात्री लागतात. पायी चढणाऱ्याला त्या आपोआप मिळतात. जीपनं जाणारा सकाळी दमट पोखऱ्यात पोहे खातो आणि संध्याकाळी हिमरेषेखाली उभा असतो. मग डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, झोप लागत नाही. यालाच विरळ हवेचा त्रास म्हणायचं. वयस्कर यात्रेकरू तो 'प्रवासाचा शीण' किंवा 'पित्त' म्हणून अंगावर काढतात, आणि तिथेच घात होतो. चालताना झोक जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर गोळ्या शोधत बसायचं नाही. रात्र असली तरी खाली न्यायचं.

बरा मार्ग असा: पहिल्या दिवशी कालोपानी, मार्फा किंवा जोमसोम गाठून मुक्काम, म्हणजे २,५०० ते २,७०० मीटरच्या टप्प्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ, दर्शन आणि १०८ धारांखालचं स्नान उरकून दुपारीच खाली. रानीपौव्यात रात्र काढायचा हट्ट टाळा. तातोपानीचे गरम झरे छान आहेत, पण ते ठिकाण १,२०० मीटरच्याही खाली असल्यामुळे तिथल्या मुक्कामाचा उंचीच्या सवयीला उपयोग नाही. रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ठिकाणाच्या नावाबरोबर उंचीचा आकडाही सांगावा. 'नेपाळला चाललोय' एवढंच ऐकलं तर डॉक्टरही खुशाल जा म्हणतील.

आपलीच गाडी नेली तर?

नेता येते. सीमेवर भन्सार, म्हणजे जकात कार्यालयात, जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचं शुल्क भरून पावती घ्यायची, वाहतूक परवाना घ्यायचा. गाडीचे मूळ कागद आणि चालकाचं लायसन्स लागतं, गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर अधिकारपत्र. भारतीय खासगी गाडी वर्षात ३० दिवसांपर्यंतच ठेवता येते. पावती जपा, नाक्यांवर मागतात, आणि मुदत उलटून गेली तर दंड बसतो. लोक विसरतात ती गोष्ट विम्याची. इथला विमा तिथे आपोआप लागू होत नाही. निघण्यापूर्वी कंपनीकडून नेपाळपर्यंत वाढवून घ्यावा लागतो.

कागद झाले, पण स्टिअरिंगवर कोण? सपाट महामार्गावर वर्षानुवर्षं बस चालवलेला चालक नेपाळच्या घाटात नवखाच असतो. मोठ्या गटानं आपली आणलेली बस सीमेवर सोनौली किंवा रक्सौलला ठेवून पुढे नेपाळी गाडी आणि नेपाळी चालक घ्यावा, असं मला वाटतं. दोन पैसे जास्त जातात. पण त्याला कुठल्या वळणावर पाणी वाहतं आणि बुटवलजवळ सिद्धबाबाच्या कड्यावरून कधी दगड सुटतात, हे ठाऊक असतं. गोरखपूरहून सोनौलीमार्गे सरळ पोखऱ्याला जाणाऱ्यांना तो कडा चुकत नाही. पावसाची झड लागली असेल तर नारायणगढ-मुगलिंगवरून जायचं की बुटवलला रात्र काढायची, हा निर्णय त्याचा असू द्या.

सीमेवर काय लागतं?

भारतीय नागरिकाला व्हिसा नको. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ यांनाच ते चालतं, आणि विमानतळावर याच मुद्द्यावर माणसं परत पाठवली जातात. तुमच्याबरोबर अमेरिकेचा पासपोर्ट असलेला भाऊ किंवा सून असेल तर त्यांना व्हिसा लागतोच. सोनौलीच्या गर्दीत कुणी अडवत नसल्यामुळे इमिग्रेशनची छोटी कचेरी मागे राहून जाते, आणि शिक्का नसल्याचं काठमांडूच्या विमानतळावर निघताना कळतं.

नेपाळची घड्याळं आपल्या १५ मिनिटं पुढे असतात. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांबद्दल नियम बदलत आले आहेत, शंभराच्या नोटांना कुणी हरकत घेत नाही. २०२४ पासून शहरांतल्या बऱ्याच दुकानांत यूपीआयनं पैसे देता येतात. घासाच्या पुढे मात्र रोख ठेवा.

काठमांडूत टॅक्सीवाला मीटरला नाही म्हणाला की वाद घालू नका, पठाओ किंवा इनड्राइव्ह या मोबाइल अ‍ॅपवरून गाडी बोलवा. हिरव्या साझा बस स्वस्त आणि बऱ्यापैकी आरामाच्या.

टूरवाले बघतील की सगळं!

बघतात, त्यांच्या कार्यक्रमात जेवढं मावतं तेवढं. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. डोंगरात रात्रीचा प्रवास आहे का? मुक्तिनाथच्या आधीचा मुक्काम किती उंचीवर आहे? आणि रस्ता बंद झाला तर जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस हसून विषय बदलतो, तेव्हा पुन्हा विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

रिकामा दिवस ठेवायचा तो शेवटी, आणि काठमांडूत. पोखऱ्याहून सकाळी निघून त्याच रात्रीचं मुंबईचं विमान पकडायचं, हे ज्यानं आखलं त्यानं मुगलिंग पाहिलेलं नाही. रिकामा दिवस फक्त दरडीसाठी लागतो असंही नाही. सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनात काठमांडूचा विमानतळच बंद झाला होता. दसऱ्याच्या, त्यांच्या 'दशैं'च्या दिवसांत अर्धं काठमांडू गावी निघतं आणि बसची तिकिटं मिळत नाहीत. सोनौलीमार्गे परतणाऱ्यांनी गोरखपूरहून कुशीनगर एक्स्प्रेसचं आरक्षण त्याच दिवशीचं न करता दुसऱ्या दिवशीचं करावं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला रस्त्याची खबर विचारा, त्याचा कुणीतरी भाचा नाहीतर मेहुणा त्या मार्गावर गाडी चालवतच असतो. वाहतूक पोलिसांचा क्रमांक १०३, रुग्णवाहिकेचा १०२, पर्यटक पोलिसांचा ११४४. हे कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण त्रिशुलीच्या काठी कितीतरी वळणांवर मोबाइलला रेंज नसते, आणि जिथे असते तिथे भारतीय सिमचं रोमिंग चालू करायचं राहून गेलेलं असतं.